‘मीही’ इंग्रजीत कसे म्हणावे?

बंगळूरच्या जुन्या पेटेला लागूनच चामराजपेट ही वस्ती आहे. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने ती 1892 साली आखली गेली. 1915 साली स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेची वास्तू याच वस्तीत उभी आहे, आणि येथल्या एका मोठ्या रस्त्यास आलूर वेंकटराव यांचे नाव दिलेले आहे. कर्नाटकाच्या एकीकरणाचे हे पुढारी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले होते, आणि लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनीच कन्नडात नेले. अशा ठिकाणी एखादे मराठी कुटुंब राहावयास आले, तर त्यातील मुलांना शेजारची भाषा उचलण्यास फार दिवस लागत नाहीत. ‘मी येतो’ याला कन्नडात ‘नानु बरुत्तेने’ म्हणतात. ‘मीही येतो’ असे म्हणावयाचे झाल्यास ‘नानु’मधला शेवटचा उकार तेवढा लांबवावयाचा : ‘नानू बरुत्तेने’. मराठीने ‘ही’ जोडावा, कन्नडाने स्वर दीर्घ करावा, काम एकच. मूल हे ऐकून ऐकूनच शिकते, त्याला कोणी व्याकरण सांगावे लागत नाही.

अडचण येते ती तिसऱ्या भाषेशी. तेच मूल शाळेत इंग्रजी बोलू लागले की ‘काल मीही गेलो नाही’ या साध्या वाक्याचे ‘आय ऑल्सो डिड नॉट गो’ असे करून मोकळे होते. कन्नड बोलणारा त्याचा सोबतीही नेमके असेच म्हणतो, आणि दोघेही एकमेकांस पूर्णपणे समजतात. वाक्य इंग्रजी कानाला मात्र खटकते. दोन निरनिराळ्या कुळांतल्या भाषा बोलणाऱ्या मुलांनी एकच चूक एकाच जागी करावी, याला काही कारण असले पाहिजे. ते शोधू गेल्यास असे दिसते की दोष इंग्रजी शब्दांच्या अज्ञानाचा नसून मातृभाषेतील एका लहानशा अव्ययाच्या मोठ्या कर्तबगारीचा आहे.

मराठी व्याकरणात ‘ही’, ‘च’, ‘सुद्धा’, ‘देखील’, ‘मात्र’ यांना शुद्ध शब्दयोगी अव्यये म्हणतात. इतर शब्दयोगी अव्ययांप्रमाणे ही अव्यये शब्दाचे रूप बदलीत नाहीत. ‘घर’ शब्दाला ‘समोर’ लागले की ‘घरासमोर’ होते. पण ‘ही’ लागला तर ‘घरही’ असेच राहते. विभक्तीचा प्रत्यय अगोदरच लागलेला असेल तर ‘ही’ त्याच्याही मागे जाऊन बसतो : ‘घरालाही’, ‘घरातही’, ‘घरानेही’. थोडक्यात, वाक्यातील ज्या शब्दावर भर द्यावयाचा त्याच्या पाठीस हा चिकटतो, आणि त्यामुळे अर्थाचा संशय सहसा राहत नाही. ‘रामानेही पुस्तक घेतले’ म्हणजे आणखी कोणी तरी घेतले होते. ‘रामाने पुस्तकही घेतले’ म्हणजे पुस्तकाखेरीज दुसरी एखादी वस्तू त्याने घेतली होती. ‘रामाने पुस्तक घेतलेही’ म्हणजे घेईल की नाही अशी शंका होती, किंवा पाहण्यावर न थांबता त्याने ते विकत घेतले. ‘ही’ची जागा बदलताच तीन वाक्ये झाली.

आता यांचे इंग्रजी करू पाहिल्यास तिन्हींच्या जागी बहुधा एकच वाक्य येऊन उभे राहते : ‘राम ऑल्सो बॉट द बुक’. इंग्रजीत ‘ऑल्सो’ कोणत्याही शब्दाच्या मागे लावता येत नाही. त्याची बैठक क्रियापदाजवळ ठरलेली आहे. मुख्य क्रियापद एकटेच असेल तर त्याच्या आधी, साहाय्यक क्रियापद असेल तर पहिल्या साहाय्यकाच्या नंतर, आणि ‘इज’, ‘वॉज’ यांसारखी अस्तिवाचक रूपे असतील तर त्यांच्या नंतर. मग ‘ऑल्सो’ कोणासाठी आला हे कळावे कसे? इंग्रज माणूस ते आवाजाने कळवतो. ‘राम’वर आघात दिला तर रामही, ‘बुक’वर दिला तर पुस्तकही, ‘बॉट’वर दिला तर घेतलेही. बोलताना हे सर्व सुखाने पार पडते. कागदावर उतरले की आघात नाहीसा होतो आणि तीन अर्थ एका ओळीत कोंडले जातात.

हा केवळ वर्गातील खेळ नव्हे. बेळगाव जिल्ह्यातील एखाद्या खटल्यात साक्षीदार मराठीत सांगतो, ‘गोविंदही तेथे होता.’ म्हणजे इतर आरोपींबरोबर गोविंदही घटनास्थळी हजर होता. दुसरा साक्षीदार म्हणतो, ‘गोविंद तेथेही होता.’ म्हणजे त्या दिवशी गोविंद ज्या चार ठिकाणी दिसला त्यांपैकी ते एक ठिकाण. पहिल्या वाक्याने गोविंद टोळीत मोडतो. दुसऱ्याने त्याचा दिवसभराचा फेरफटका तेवढा सिद्ध होतो. दोन्ही वाक्यांचा तर्जुमा ‘गोविंद वॉज ऑल्सो देअर’ असा झाला तर काय होईल? उच्च न्यायालयाचे कामकाज राज्यघटनेच्या 348व्या कलमान्वये इंग्रजीत चालते. तेव्हा मुंबईस असो, की 2013पासून कायम झालेल्या धारवाडच्या खंडपीठापुढे असो, अपिलाच्या वेळी न्यायमूर्तींपुढे येतो तो त्या तर्जुम्याचा कागद. साक्षीदाराचा आवाज त्यात नसतो. जबाबदार भाषांतरकाराने अशा जागी ‘ऑल्सो’चा मोह टाळलाच पाहिजे. पहिल्या वाक्यास ‘गोविंद, टू, वॉज देअर’ असे कर्त्याला लागूनच ‘टू’ घालावे. दुसऱ्याचे ‘गोविंद वॉज ॲट दॅट प्लेस ॲज वेल’ असे करून शेवटी स्थळाला जोडून ‘ॲज वेल’ ठेवावे. एवढ्याने माणूस आणि जागा वेगळी होतात. त्यातूनही संशय उरत असेल तर सरळ चार शब्द अधिक खर्च करावेत. न्यायालयात शब्दांची काटकसर कोणाच्याच हिताची नसते.

‘टू’ आणि ‘ॲज वेल’ यांची स्वाभाविक जागा वाक्याच्या शेवटी असते. बोलण्यात तेच अधिक येतात. ‘ऑल्सो’ त्या मानाने लेखी भाषेत अधिक शोभतो. ‘टू’ कर्त्यानंतर लगेच आणला तर वाक्याला काहीसे भारदस्त वळण मिळते. भाषणांत, निवेदनांत ते चालते, बाजारात भाजी घेताना चालणार नाही. ‘मीही’ एवढेच एका शब्दात म्हणावयाचे असेल तर ‘मी टू’ म्हणावे. ‘आय ऑल्सो’ असे तोडून म्हणू नये, कारण ‘ऑल्सो’ला टेकण्यास क्रियापद लागते.

येथे शब्दांच्या कुळाकडे जरा पाहण्यासारखे आहे. ‘ऑल्सो’ म्हणजे मूळचे ‘ऑल’ आणि ‘सो’. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘अगदी तसेच’ असा होता. मराठीतही ‘तसेच’ हा शब्द आपण भर घालण्यासाठी वापरतोच, तेव्हा हा अर्थप्रवास आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. याच ‘ऑल्सो’ची झिजून झिजून झालेली मूर्ती म्हणजे इंग्रजीतील ‘ॲज’. जर्मन भाषेत हाच शब्द आजही आहे, पण तेथे त्याचा अर्थ ‘तेव्हा’, ‘म्हणून’ असा होतो. ‘टू’ हा तर ‘कडे’ या अर्थाच्या ‘टू’चाच जोर देऊन उच्चारलेला प्रकार, लेखनात दुसरा ‘ओ’ घालून त्याला वेगळे केले इतकेच. या दोघांच्या आधी इंग्रजीत ‘ईक’ नावाचा एक शब्द ‘सुद्धा’ या अर्थी नांदत होता. तो आता व्यवहारातून गेला, पण जाता जाता एक आठवण ठेवून गेला. मूळ नावाखेरीजचे जे जादा नाव ते ‘ॲन ईक-नेम’. त्यातला ‘ॲन’चा ‘न’ पुढच्या शब्दाला चिकटून ‘निकनेम’ झाले. आपले टोपणनाव.

आता सुरुवातीच्या ‘मीही गेलो नाही’कडे वळू. मराठीचा ‘ही’ होकार आणि नकार यांत भेद करीत नाही. ‘मीही गेलो’, ‘मीही गेलो नाही’ दोन्ही सारखीच. इंग्रजीने मात्र नकारासाठी वेगळा शब्द राखून ठेवला आहे : ‘ईदर’. ‘आय डिड नॉट गो ईदर’ हे शुद्ध. किंवा थोडे ठसक्याने, ‘नॉर डिड आय’. कोणी म्हटले, ‘मला हे पटत नाही’, तर ‘मलाही नाही’ याचे उत्तर ‘मी नीदर’ असे द्यावे लागते. येथे ‘मी टू’ म्हटले की ऐकणारा गोंधळतो. याचा अर्थ नकाराच्या वाक्यात ‘ऑल्सो’ मुळीच चालत नाही असा नव्हे, आणि येथेच पुष्कळ पाठ्यपुस्तके घाई करतात. ‘घरमालकाने छप्पर दुरुस्त केले नाही. त्याने पावतीही दिली नाही.’ यातील दुसरे वाक्य ‘ही ऑल्सो डिड नॉट गिव्ह अ रिसीट’ असे करण्यास हरकत नाही. एकाच माणसाच्या नावावर दुसरा नकार जमा होत असेल तर ‘ऑल्सो’ नकाराच्या आधी बसू शकतो. नकार तोच, माणूस मात्र दुसरा, असे झाले की ‘ईदर’ हवा. इतका हा भेद स्वच्छ आहे.

नकारात ‘ही’ आणखी एक काम करतो. ‘कोणीही आले नाही’, ‘काहीही सांगितले नाही’, ‘एकही पैसा उरला नाही.’ कन्नडात याच ठिकाणी तोच दीर्घ ऊकार येतो : ‘यारू बरलिल्ल’ म्हणजे ‘कोणीही आले नाही’. संस्कृताकडे गेले तर ‘अपि’ हेच करताना दिसतो. ‘सः अपि’ म्हणजे तोही, ‘कः अपि’ म्हणजे कोणीही, आणि ‘यद्यपि’ म्हणजे जरी. ‘जरी’च्या या अर्थातही मराठी आणि कन्नड बरोबरच आहेत. आपण ‘पाऊस असूनही गेला’, ‘तरीही गेला’ म्हणतो. कन्नडात ‘बंदरु’ म्हणजे ‘आले’, आणि उकार लांबवून ‘बंदरू’ म्हटले की ‘आला तरी’. भर घालणे, कोणालाही न वगळणे आणि अडथळा असून न थांबणे या तीन गोष्टींत आपल्या भाषांना एकच धागा दिसला. इंग्रजीने त्यांचे ‘ऑल्सो’, ‘एनी’ आणि ‘दो’ असे तीन वेगळे शब्द केले. आलूर वेंकटरावांसारख्या भाषांतरकाराला मराठीचा ‘ही’ कन्नडात नेताना निदान या बाबतीत तरी घाट चढावा लागत नाही. तोच ग्रंथ इंग्रजीत नेणाऱ्याला मात्र प्रत्येक ‘ही’पाशी थांबून तुझा हेतू कोणता असे विचारावे लागते.

या चौकशीत चौथा हेतू निघतो, आणि तो सर्वांत फसवा आहे. ‘राजासुद्धा आला’ याचे दोन अर्थ होतात. इतरांप्रमाणे राजाही आला, हा एक. राजा येईल असे कोणाला वाटले नव्हते, तरी तोदेखील आला, हा दुसरा. दुसऱ्या अर्थी इंग्रजीत ‘ईव्हन’ पाहिजे. पहिल्या अर्थी ‘ईव्हन’ चालणार नाही. भारतातील इंग्रजीत या दोहोंची मोठी सरमिसळ झालेली आहे. मित्र म्हणतो, ‘मला ठाऊक नाही’, आणि त्यावर उत्तर येते, ‘ईव्हन आय डोन्ट नो’. उत्तर देणाऱ्याला एवढेच सांगावयाचे असते की मलाही ठाऊक नाही. इंग्रज ऐकणाऱ्याला मात्र त्यात असे ऐकू येते की ज्याला सर्व काही ठाऊक असावयाचे त्या खुद्द मलासुद्धा हे ठाऊक नाही! बिचारा विनय करावयास गेला आणि बढाई मारून आला. नोकरीच्या मुलाखतीत हा ‘ईव्हन’ कोणाच्या नकळत नुकसान करून जातो.

दक्षिणेत, विशेषतः बंगळुरात, ‘ऑल्सो’ जवळजवळ प्रत्ययासारखा वापरला जातो : ‘रामा ऑल्सो केम, कृष्णा ऑल्सो केम’. यामागे कन्नडातील ‘रामनू कृष्णनू बंदरु’ हा प्रयोग उभा आहे. दोन्ही नामांचा शेवट दीर्घ केला की ‘राम आणि कृष्ण आले’ असा अर्थ होतो. मराठीतही ‘रामही आला आणि कृष्णही आला’ असे आपण दोन्हीकडे ‘ही’ लावून म्हणतोच. इंग्रजीचा ‘ऑल्सो’ मात्र नेहमी मागे वळून पाहतो. त्याच्या आधी काहीतरी सांगितलेले असावे लागते. पहिल्याच नामाला ‘ऑल्सो’ लावला तर ऐकणारा विचारतो, आणखी कोण आला होता? अशा जागी ‘बोथ रामा अँड कृष्णा केम’ म्हणावे. बंगळूरच्या बोलण्यातील ही लकब आपसांत गोडच वाटते, आणि ती मोडून काढण्याचा खटाटोप कोणी करू नये. परंतु परगावी पाठवावयाच्या पत्रात तिला घरी ठेवलेली बरी.

‘ॲज वेल ॲज’ची कथा थोडी निराळी आहे. अनेकजण तो ‘अँड’चा लांबट अवतार समजतात. वस्तुतः त्यात एक वजनकाटा आहे. ‘राम, ॲज वेल ॲज हिज ब्रदर्स, हॅज कम’ या वाक्यात नवी बातमी रामाची. भाऊ आल्याचे गृहीत धरलेले आहे. म्हणून क्रियापद एकवचनी, ‘हॅज’. मराठीत ‘भावांसह राम आला’ म्हणताना आपणही ‘आला’ असेच म्हणतो, ‘आले’ म्हणत नाही. ‘सह’ची ही आठवण ठेवली तर येथे चूक होत नाही. ‘सुद्धा’ शब्दाचा जुना अर्थही हाच होता : ‘मुळासुद्धा झाड उपटले’ म्हणजे मुळासकट.

शेवटी ‘शिवाय’. हा आपल्याकडे अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला शब्द, आणि येताना दोन तोंडे घेऊन आला. ‘रामाशिवाय कोणी आले नाही’ यात तो राम वगळतो किंवा वेगळा काढतो. ‘रामाशिवाय आणखी दोघे आले’ यात तो रामाला धरून मोजतो. इंग्रजीत पहिल्या अर्थी ‘एक्सेप्ट’ आणि दुसऱ्या अर्थी ‘बिसाइड्स’ असे शब्द आहेत. ‘बिसाइड्स’मधला शेवटचा ‘स’ गाळला तर ‘बिसाइड’ म्हणजे नुसते ‘शेजारी’ होते, ही आणखी एक ठेच. मृत्युपत्रात कोणी लिहिले, ‘घराशिवाय सर्व मालमत्ता मुलीस द्यावी’, आणि तर्जुमा करणाऱ्याने ‘शिवाय’ला ‘बिसाइड्स’ लावला, तर जे घर वगळावयाचे होते तेही मुलीच्या पदरात पडल्याचा अर्थ निघू शकतो. भावंडांत दावा लागण्यास याहून मोठे कारण लागत नाही. मराठीत लिहितानाच ‘घर वगळून’ किंवा ‘घर धरून’ असे लिहिले तर पुढचा सारा घोळ टळतो.

‘मोअरओव्हर’ आणि ‘फर्दरमोअर’ यांच्याविषयी फार बोलण्याचे कारण नाही. आपल्याकडे अर्जात प्रत्येक परिच्छेद ‘मोअरओव्हर’ने उघडण्याची जी चाल पडली आहे ती जुन्या पत्रांतील ‘दुसरे असे की’, ‘आणखी असे की’ यांच्या सवयीतून आली असावी. पण ‘दुसरे असे की’ नुसती पुढली बाब सांगतो, आणि ‘मोअरओव्हर’ला त्याच बाजूचा अधिक वजनदार मुद्दा लागतो. ‘माझी प्रकृती बरी नाही, मोअरओव्हर, वैद्यांनी प्रवास वर्ज्य सांगितला आहे’ हे ठीक. ‘मी पदवीधर आहे, मोअरओव्हर, माझा जन्म सातारा येथे झाला’ यात सातारकरांचा अभिमान दिसेल, युक्तिवाद दिसणार नाही. वाक्याच्या आरंभी ‘ऑल्सो’ घालून पुढे स्वल्पविराम देण्यास काही शिक्षक हरकत घेतात. चांगले लेखकही क्वचित तसे लिहितात, तेव्हा तो अपराध मानू नये. मात्र ‘ही ऑल्सो केम टू’ अशी एकाच भरीवर दुहेरी भर टाकू नये.

मराठी मुलाने आरंभी एवढे केले तरी पुरे : ‘ही’ जेथे आला तेथे तो काढून पाहावा आणि स्वतःस विचारावे की आणखी कोण, आणखी काय, की आणखी कोठे? उत्तर नकारात असेल तर ‘ईदर’, नवल असेल तर ‘ईव्हन’, कोणालाच वगळावयाचे नसेल तर ‘एनी’. चामराजपेटेतील त्या मुलाने ‘काल मीही गेलो नाही’ याचे ‘आय डिड नॉट गो ईदर’ केले, आणि शेजारच्या कन्नड मुलाने ‘नानू होगलिल्ल’ याचेही तेच केले, तर दोघांच्या वह्यांत अक्षरशः एकच वाक्य सापडेल. या खेपेला शुद्ध.